विश्लेषण : घराबाहेरचा कॅमेरा स्वतः बसवताय? मेगापिक्सेलपेक्षा उंची, भिंत आणि पाऊस का महत्त्वाचे?

घरफोडी झाल्यावर घरची मंडळी मोबाइलवर रात्रीचे चित्रण लावून बसतात. तारीख बरोबर असते, वेळ बरोबर असते, फाटक उघडतानाही दिसते. पण आलेला माणूस दिसतो तो वरून. टोपी, खांदे आणि पाठ. चेहरा कुठेच नाही. कॅमेरा चांगल्या कंपनीचा असतो, चालूही असतो. चुकलेली असते ती त्याची जागा.

दोन-तीन हजार रुपयांत घराबाहेर लावण्याजोगा वाय-फाय कॅमेरा मिळू लागल्यापासून अनेक जण फिटरला न बोलावता तो स्वतःच बसवतात. काम अवघड नाही. मात्र खरेदी करताना जितका विचार मेगापिक्सेलचा होतो, त्याच्या निम्माही तो कुठे आणि कशाला अडकवायचा याचा होत नाही. त्याची किंमत पहिल्या पावसाळ्यात किंवा पहिल्या चोरीनंतर कळते.

कॅमेरा असूनही चेहरा का ओळखू येत नाही?

दोन कारणे असतात : अंतर आणि कोन.

आधी अंतर. देखरेखीच्या कॅमेऱ्यांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार अनोळखी माणसाची ओळख पटण्यासाठी चित्रात त्या जागी दर मीटर रुंदीला २५० पिक्सेल लागतात. ओळखीचा माणूस ओळखायला १२५ पुरतात. दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचे चित्र १९२० पिक्सेल रुंद असते. म्हणजे दृश्याची रुंदी ७.६८ मीटरच्या आत असेल, तेवढ्यापर्यंतच अनोळखी चेहरा नीट टिपला जातो. घरगुती कॅमेऱ्यांत बहुधा २.८ मिलिमीटरची लेन्स असते आणि तिचा आडवा कोन साधारण १०० अंशांचा असतो. या कोनात ७.६८ मीटर रुंदी कॅमेऱ्यापासून अवघ्या ३.२ मीटरवर भरते. त्यापुढे माणूस दिसतो, पण कोण ते सांगता येत नाही.

आता हाच हिशेब चार मेगापिक्सेलचा करून पाहा. चित्राची रुंदी २५६० पिक्सेल, आणि अंतर होते ४.३ मीटर. जास्त पैसे मोजून मिळाले जेमतेम एक मीटर. कॅमेरा फाटकाच्या एक मीटर जवळ आणला असता तर हेच फुकट मिळाले असते. किंवा ४ मिलिमीटरची लेन्स घेतली असती, तर कोन सुमारे ८० अंशांवर आला असता आणि दोन मेगापिक्सेलमध्येच साडेचार मीटरपर्यंत चेहरा मिळाला असता. बाजूचे थोडे दिसेनासे होते, समोरचे स्पष्ट होते.

दुसरे कारण कोन. चेहऱ्याची उंची दीड मीटर आणि फाटक कॅमेऱ्यापासून पाच मीटरवर धरू. कॅमेरा तीन मीटर उंचीवर असेल तर तो चेहऱ्याकडे सुमारे १७ अंशांतून खाली पाहतो. चेहरा स्पष्ट दिसतो. तोच कॅमेरा दुसऱ्या मजल्याच्या छज्जाखाली, सहा मीटरवर लावला तर कोन ४२ अंशांवर जातो. मग दिसते ते डोके.

उंची किती असावी?

घरासाठी अडीच ते तीन मीटर, म्हणजे आठ ते दहा फूट. जमिनीवर उभ्या माणसाचा हात सहज पोहोचत नाही आणि चेहराही सुटत नाही. ‘उंच लावला की सुरक्षित’ ही समजूत कॅमेऱ्यापुरती खरी आहे, घरापुरती नाही.

सगळे अंगण आणि चेहरा या दोन्ही गोष्टी एकाच कॅमेऱ्याकडून मागू नयेत. आवार दाखवणारा एक कॅमेरा थोडा उंच, रुंद कोनाचा. दाराशी येणाऱ्याचा चेहरा टिपणारा दुसरा खाली, दाराच्या जवळ. व्हिडिओ डोअरबेल जमिनीपासून साधारण चार फुटांवर लावतात ती याच कारणाने : टोपी घातलेल्या माणसाचाही चेहरा तिला समोरून मिळतो.

भोक पाडण्याआधी काय तपासावे?

कॅमेरा भिंतीला ठोकण्याआधी एक दिवस आणि एक रात्र त्याला त्या जागी तात्पुरता बांधून पाहावे. खिडकीचा गज, शिडीचा दांडा, काहीही चालेल. घरातल्या एकाला फाटकाशी उभे करावे, दुसऱ्याने मोबाइलवर पाहावे. चेहरा दिसतो का? गाडीचा क्रमांक वाचता येतो का? हेच रात्री दिवा बंद करून पुन्हा करावे. या तपासणीत पाच गोष्टी कळतात.

पहिली, ऊन. पूर्वेकडे तोंड असलेला कॅमेरा सकाळी आणि पश्चिमेकडे तोंड असलेला संध्याकाळी आंधळा होतो. समोरून येणाऱ्या उन्हात माणसाची फक्त काळी आकृती उरते. शक्य असेल तर तोंड उत्तरेकडे ठेवावे.

दुसरी, रात्रीचा पांढरा धुरळा. अंधारात कॅमेरा स्वतःचे अवरक्त दिवे लावतो. हा प्रकाश आपल्याला जवळजवळ दिसत नाही, पण लेन्सला दिसतो. छज्जाची खालची बाजू, शेजारची चुन्याची भिंत किंवा पावसाच्या पाण्याचा पांढरा पाइप अगदी जवळ असेल तर तो प्रकाश उलटून लेन्समध्ये येतो. चित्रावर पांढरी झाक पसरते आणि मागचे अंगण काळे पडते. कॅमेरा छज्जाच्या कडेपर्यंत पुढे सरकवला किंवा थोडा खाली घेतला की झाक जाते.

तिसरी, काचेतून चित्रण. भोक टाळण्यासाठी काही जण कॅमेरा खिडकीच्या आत ठेवतात. दिवसा चालते. रात्री अवरक्त प्रकाश काचेवरून परततो आणि बाहेरचे काहीच दिसत नाही.

चौथी, वाय-फाय. राउटर घरात आणि कॅमेरा काँक्रीटच्या भिंतीपलीकडे असेल तर सिग्नल निम्म्यावर येतो. पत्र्याच्या शेडमागे तो आणखी घटतो. नेमक्या त्या जागी मोबाइल धरून पाहावे. २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल ५ गिगाहर्ट्झपेक्षा भिंतींतून चांगला जातो.

पाचवी, हालचालीची दिशा. बॅटरीवर किंवा सौरऊर्जेवर चालणाऱ्या बहुतेक कॅमेऱ्यांत शरीराची उष्णता ओळखणारा सेन्सर असतो. सरळ अंगावर चालत येणाऱ्यापेक्षा समोरून आडवा जाणारा माणूस त्याला लवकर कळतो. त्यामुळे असा कॅमेरा पायवाटेच्या अगदी समोर न लावता थोडा बाजूला, वाट तिरकी कापली जाईल असा लावावा.

कोणत्या भिंतीत काय धरते?

कॅमेऱ्याचे वजन बहुधा अर्ध्या किलोच्या आसपास असते. एवढे कुठलाही स्क्रू पेलतो. पण वारा, पाऊस आणि कोन बदलताना दिलेले हिसके यांनी सैल बसवलेला स्क्रू हळूहळू बाहेर येतो. कॅमेरा पडत नाही, फक्त दोन-चार अंश खाली झुकतो आणि फाटकाऐवजी तुळशीवृंदावन दाखवू लागतो.

विटांची भिंत : बाहेरचा गिलावा बहुधा २० मिलिमीटरच्या आसपास जाड असतो. स्क्रूसाठी बसवायची प्लॅस्टिकची गिट्टी या गिलाव्यातच राहिली तर ती पोपड्यासकट सुटते. त्यामुळे छिद्र गिलावा ओलांडून विटेत जायला हवे. ८ मिलिमीटरची गिट्टी आणि ५० मिलिमीटर लांबीचा स्क्रू घ्यावा. कॅमेऱ्यासोबत पाकिटात येणारे आखूड स्क्रू आतल्या भिंतीसाठी ठीक असतात. विटांमधल्या सिमेंटच्या सांध्यापेक्षा विटेचा मधला भाग पकड चांगली देतो.

काँक्रीट : तुळई आणि खांब पकडीला उत्तम, पण साध्या ड्रिलने भोक पडत नाही. हॅमर ड्रिल लागते. बिट आत जाता जाता एकदम अडले आणि घरघर बदलली, तर सळई लागली आहे. जोर लावू नये, दोन इंच बाजूला नवे छिद्र घ्यावे.

हलके ब्लॉक : नव्या इमारतींत वापरले जाणारे, गवंडी ज्यांना सरसकट ‘सिपोरेक्स’ म्हणतात ते राखाडी ब्लॉक सच्छिद्र असतात. त्यांत हॅमर बंद ठेवून साधे ड्रिल चालवावे, नाहीतर छिद्र पसरते. नेहमीची गिट्टी यांत गोल फिरते. या ब्लॉकसाठी वेगळी, लांब आणि खोल आट्यांची गिट्टी मिळते.

जांभा : कोकण आणि गोव्यातल्या जांभ्याच्या भिंतीत एका ठिकाणी घट्ट, तर बोटभर बाजूला भुसभुशीत लागते. लांब गिट्टी वापरावी. तीही हलली तर अँकर बसवण्यासाठी मिळणारा रासायनिक मसाला छिद्रात भरावा लागतो. त्यापेक्षा पडवीच्या लाकडी खांबाला किंवा वाशाला लाकडाचा स्क्रू मारणे सोपे पडते. आधी बारीक छिद्र घेतले की लाकूड फाटत नाही.

पत्र्याची शेड : पत्र्याला कॅमेरा लावू नये. वाऱ्यात पत्रा थरथरतो, चित्र हलते आणि मोबाइलवर रात्रभर खोटे इशारे येतात. खालच्या लोखंडी अँगलला क्लॅम्प लावावा.

स्क्रू कोणतेही असोत, बाहेर ते स्टेनलेस स्टीलचेच हवेत. समुद्रकाठी खारे वारे साधा स्क्रू लवकरच गंजवतात आणि भिंतीवर तांबड्या ओघळाची खूण सोडतात. तिथे ३१६ दर्जाचे स्टील ३०४ पेक्षा जास्त टिकते.

भाड्याचे घर असेल, भोक पाडायचे नसेल तर?

खिडकीची जाळी, गॅलरीचा कठडा किंवा जिन्याचा पाइप हाताशी असेल तर क्लॅम्प हा सर्वांत भरवशाचा मार्ग. क्लॅम्प आणि लोखंडाच्या मध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घालावा. पकड वाढते, रंगही खरवडत नाही. प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी बांधायचे असेल तर काळ्या, उन्हात टिकणाऱ्या घ्याव्यात. पांढऱ्या पट्ट्या उन्हाने कडक होऊन तुटतात.

दुहेरी चिकटपट्टी गुळगुळीत फरशीवर किंवा काचेवर धरते. बाहेरच्या रंगावर, खडबडीत गिलाव्यावर किंवा चुन्यावर ती धरत नाही. मे महिन्याच्या उन्हात गोंद मऊ होतो आणि जूनमध्ये ओल मागून शिरते.

दिव्याच्या होल्डरमध्ये बसणारा कॅमेरा सर्वांत सोपा. मात्र दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. घरातल्या कोणी सवयीने दिव्याचे बटण बंद केले की कॅमेराही बंद. त्या बटणावर चिठ्ठी चिकटवावी. आणि पाऊस थेट लागणाऱ्या उघड्या होल्डरमध्ये तो लावू नये.

शेतात किंवा अंगणात खांब उभा करायचा तर?

पंपाची केबल, मोटार किंवा शेडमधला माल यांवर लक्ष ठेवण्यासाठी सिमकार्डवर चालणारे सौर कॅमेरे लावता येतात. त्यांना भिंत नसते, खांब लागतो. दोन इंची जस्तलेपित लोखंडी पाइप १२ फुटांचा घेतला तर दोन फूट काँक्रीटमध्ये गाडून दहा फूट वर राहतो. बारीक पाइप वाऱ्यात डोलतो आणि कॅमेरा प्रत्येक झोक्याला चोर समजतो. पाइपचे वरचे तोंड टोपण लावून बंद करावे, नाहीतर पाणी भरते आणि गांधीलमाश्या घर करतात.

सौर पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून, महाराष्ट्रात साधारण २० अंश कलते ठेवावे. कॅमेऱ्याचे तोंड जिकडे, तिकडेच पॅनेलचेही हवे असे नाही. दोन्ही वेगळे ठेवता येतील असेच मॉडेल घ्यावे.

महावितरणच्या खांबावर कॅमेरा बांधण्याचा मोह मात्र टाळावा. तो खांब आपला नाही, आणि ओल्या खांबात वीज उतरलेली असू शकते.

‘वॉटरप्रूफ’ कॅमेऱ्यात पाणी शिरते कुठून?

खोक्यावर आयपी ६६ किंवा आयपी ६७ लिहिलेले असते. यातला पहिला ६ धुळीचा : धूळ अजिबात आत जात नाही. दुसरा आकडा पाण्याचा. ६ म्हणजे जोराचा फवारा सहन होतो, ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिला तरी चालतो. पण हा दाखला कॅमेऱ्याच्या डब्याचा आहे. मागून निघालेल्या वायरीच्या टोकाला जो जोड असतो, त्याचा नाही. पावसाळ्यात बंद पडलेले बरेच कॅमेरे या जोडाशीच बंद पडलेले असतात.

उपाय स्वस्त आहेत. कॅमेऱ्याच्या मागे पीव्हीसीची चौकोनी पेटी बसवून सगळे जोड तिच्यात ठेवावेत. फिटर तिला जंक्शन बॉक्स म्हणतात. वायर पेटीत वरून न घालता खालून घ्यावी. आत शिरण्याआधी वायरीला खाली झोळ द्यावा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी थेंबाथेंबाने गळून जाते, आत जात नाही. पेटीच्या वरच्या आणि दोन्ही बाजूंच्या कडांना सिलिकॉन भरावे. खालची कड उघडी सोडावी, आत आलेली ओल तिथून निघून जाते. चारी बाजूंनी बंद केलेल्या पेटीत दमटपणा कोंडतो.

वायरीसाठी भिंतीत आरपार भोक घ्यायचे तर ते आतून बाहेर, बाहेरच्या बाजूला खाली उतरते घ्यावे. उलट उतार झाला तर तेच भोक पावसाचे पाणी घरात आणते. कौलारू घराच्या वळचणीला कॅमेरा लावताना पागोळ्या त्याच्या पुढून पडतात की वरून, हे पाहावे. पुढून पडणारी पाण्याची धार रात्री अवरक्त प्रकाशात पांढऱ्या पडद्यासारखी दिसते.

यातले कोणते काम स्वतः करू नये?

कॅमेऱ्याला येणारी १२ व्होल्टची वायर धोक्याची नसते. अडॅप्टरमागची २३० व्होल्टची असते. बाहेर नवा प्लग काढायचा असेल तर ते काम वायरमनलाच द्यावे, आणि त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा गळती रोखणारा ब्रेकर आहे का ते विचारावे. शक्यतो अडॅप्टर घरातच ठेवावा. मात्र १२ व्होल्टची वायर फार लांब आणि बारीक असली तर दाब घटतो. दिवसा नीट चालणारा कॅमेरा अंधार पडताच पुन्हा पुन्हा बंद-चालू होऊ लागला तर हे कारण तपासावे, कारण रात्री अवरक्त दिवे जास्त वीज ओढतात. नेटवर्क केबलमधूनच वीज देणारे कॅमेरे १०० मीटरपर्यंत चालतात.

छिद्र घेण्याआधी भिंतीच्या आतल्या बाजूला बटणांचा बोर्ड किंवा नळ कुठे आहे ते पाहावे. वायर बहुधा बोर्डापासून सरळ वर किंवा सरळ आडवी गेलेली असते. त्या रेषांत ड्रिल चालवू नये. शिडी टेकवताना उंचीच्या चौथ्या हिश्श्याइतके अंतर भिंतीपासून सोडावे आणि खाली कोणीतरी धरायला हवेच. गच्चीच्या वर उंच लोखंडी दांडा उभारून कॅमेरा लावणे म्हणजे विजेला आमंत्रण. वळवाच्या दिवसांत गडगडाट सुरू होण्याआधीच अडॅप्टर आणि केबल काढून ठेवाव्यात.

शेजाऱ्याचे दार दिसत असेल तर?

वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी व्यक्तीने हाताळलेल्या माहितीला २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा लागू होत नाही. याचा अर्थ कुठेही रोखून कॅमेरा लावावा असा नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला आहे. संमतीविना एखाद्याच्या खासगी अवयवांचे चित्रण करणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ई खाली गुन्हा असून त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शेजारच्या न्हाणीघराची खिडकी चौकटीत येत असेल, तर ‘आमचा हेतू तो नव्हता’ एवढे म्हणून वाद मिटत नाही.

जवळपास सगळ्या ॲपमध्ये चौकटीचा नको असलेला भाग काळा करण्याची सोय असते. ती वापरावी, आणि शेजाऱ्याला मोबाइलवर दाखवूनही द्यावी. सोसायटीत बाहेरची भिंत आणि जिना सामाईक असतात. तिथे भोक पाडण्याआधी कार्यकारिणीची लेखी परवानगी घ्यावी.

बसवून झाले, आता काय?

शेवटचा स्क्रू पिळण्याआधी कॅमेऱ्याचे घड्याळ तपासावे. चित्रणाचा पुरावा म्हणून उपयोग करायची वेळ आली तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र लागते, आणि तेव्हा चुकीची वेळ मोठी अडचण करते. त्याच दिवशी चौकटीचा एक स्क्रीनशॉट काढून ठेवावा. महिन्याने तो ताज्या चित्राशी ताडून पाहिला की कॅमेरा झुकला आहे का ते लगेच कळते.

अवरक्त दिव्यांकडे किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो आणि लेन्ससमोर जाळे विणतो. मऊ ब्रश फिरवायला पाच मिनिटे लागतात. मेअखेरीस पेटीचे सिलिकॉन पाहणे आणि दिवाळीच्या झाडलोटीत कॅमेराही पुसणे, एवढे वर्षाचे वेळापत्रक पुरते.

आणि आज कॅमेरा आधीच लावलेला असेल, तर रात्री जेवणानंतर एक करून पाहा. घरातल्या कोणाला तरी टोपी घालून फाटकातून आत यायला सांगा आणि ते चित्रण उघडा. कोण आले ते ठाऊक नसते, तर त्या चित्रावरून ओळखता आले असते का? उत्तर ‘नाही’ असेल तर नवा कॅमेरा घेण्याची गरज नाही. शिडी काढा.